शेजाऱ्याची कुत्री आणि आपले मौन

शेजाऱ्याची कुत्री रोज पहाटे आपल्या अंगणात येऊन घाण करून जातात; अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय करावे? प्रश्न असा मांडला म्हणजे ऐकणाऱ्याला आधी हसू येते. जगापुढे युद्ध, दुष्काळ, बेकारी यांसारखे प्रश्न उभे असताना मासिकाची पाने अशा विषयासाठी खर्ची घालावीत काय, असेही कोणी विचारील. परंतु वाचकहो, थोडा विचार करून पाहा. दूरच्या देशातील पीडितांसाठी आपण उपासनेत प्रार्थना करतो, यथाशक्ती अर्पण देतो आणि घरी येतो. त्यांपैकी कोणी आपल्या दाराशी येऊन उभा राहत नाही. भिंतीपलीकडचा माणूस मात्र रोज दिसतो. त्याच्या घरातील फोडणीचा वास आपल्या घरात येतो आणि त्याची कुत्री आपल्या अंगणात येतात. ख्रिस्तासाठी प्राण देण्याचा प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर येतो. हातात खराटा घेऊन दुसऱ्याच्या कुत्र्याची विष्ठा काढण्याचा प्रसंग मात्र पुष्कळांवर येतो, आणि त्या वेळी आपल्या मनात काय चालले आहे हे देव पाहत असतो.

मी हे स्वानुभवावरून लिहीत आहे. आणि त्या अनुभवात माझे वर्तन अनुकरणीय नव्हते, हे आधीच सांगून टाकतो.

बंगळुरू हे आता अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे गाव झाले आहे. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणसाचा या शहराशी संबंध आहे. १९१० साली येथे स्थापन झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आपल्या पाळकवर्गाला परिचित आहे, आणि बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालयही येथेच, महात्मा गांधी रस्त्यावर आहे. या शहरात घरासाठीच्या भूखंडाला ‘साइट’ म्हणतात आणि ती बहुधा तीस फूट बाय चाळीस फुटांची असते. त्यावर घर बांधल्यानंतर पुढे जे अंगण उरते ते फार तर दोन-तीन खाटा मावतील एवढे. आमच्या तेवढ्याशा अंगणात कढीपत्त्याचे एक झाड आहे, अबोलीचा एक ताटवा आहे आणि सुट्टीत आलेल्या नातवाला अनवाणी पळण्यापुरती तांबडी माती आहे.

शेजारी दोन कुत्री होती. पहाटे साडेपाचला त्यांचे फाटक उघडे. घरातील बाई दारापुढे पाणी शिंपडून सुबक रांगोळी काढीत आणि त्याच वेळी कुत्री मोकळी सुटत. कुत्रे आपल्या झोपण्याच्या जागी सहसा घाण करीत नाही. त्यामुळे ती रांगोळी ओलांडून, आमच्या फाटकाच्या गजांतून आत येत आणि कढीपत्त्याखाली आपले काम उरकून परत जात. त्यांचे दार स्वच्छ राही. आमचे अंगण रोज घाण होई.

बंगळुरूत एक वाक्य जन्मभर कानांवर पडत राहते: ‘स्वल्प अडजस्ट माडी’. म्हणजे थोडे जुळवून घ्या. बसमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथा माणूस येतो तेव्हा हेच म्हणतो, आणि बाकीचे हसून सरकतात. या शहराचा मोठेपणा या वाक्यात आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्यामुळे मीही जुळवून घेण्याचे ठरवले. परप्रांतात राहायचे, भाषा तोडकीमोडकी, शेजारी धर्माने वेगळे. उगाच कशाला वितुष्ट? शिवाय आपण ख्रिस्ती आहोत, सहन करणे आपले ब्रीद आहे, असेही मी मनाला बजावले. असे आठ महिने गेले.

वाचकहो, त्या आठ महिन्यांत मी काय केले ते ऐका. मी पत्नीला सांगितले. पुण्यातील मुलीला दूरध्वनीवरून सांगितले. रविवारी उपासनेनंतर चार जणांना सांगितले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगितले, दूधवाल्याला सांगितले. अंगणात उभे राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पत्नीशी स्वच्छतेविषयी बोललो. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीचा तो ख्रिस्ती प्रयोग होता! ज्या एका माणसाला सांगायला हवे होते, त्या माणसाला मात्र मी एक अक्षरही बोललो नाही. रस्त्यात भेटला की मी हसून मान लववीत असे, आणि घरात येऊन त्याचा हिशेब मनात लिहून ठेवीत असे. प्रीती अपकारांची नोंद ठेवीत नाही असे पौलाने करिंथच्या मंडळीला शिकवले आहे. माझी वही मात्र भरत चालली होती, आणि त्या वहीलाच मी सहनशीलता म्हणत होतो.

एका परिचिताने याच सुमारास मला सल्ला दिला. पावाच्या तुकड्यात काहीतरी मिसळून ठेवा, कोणाला कळणारही नाही, असे तो सहज बोलून गेला. मी तिथल्या तिथे त्याचा निषेध केला असे सांगायला मला आवडले असते. खरे हे आहे की मी काहीच बोललो नाही, आणि तो विचार दोन दिवस माझ्या मनात राहिला. रविवारी प्रभुभोजनाला बसणारा, नातवाला नोहाच्या तारवाची गोष्ट सांगणारा मी मनुष्य, दोन मुक्या जिवांच्या मरणाची कल्पना दोन दिवस मनात घोळवीत होतो. मौन कुठपर्यंत जाऊ शकते हे मला तेव्हा समजले.

त्या कुत्र्यांचा अपराध तरी काय होता? फाटक उघडणारा हात त्यांचा नव्हता. वड्याचे तेल वांग्यावर काढावे तसा मालकावरचा राग मी जनावरावर काढायला निघालो होतो. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला साहाय्य करण्याची आज्ञा आहे. माणसाशी वैर असले तरी त्याचे जनावर आपले वैरी नसते, हे मोशेच्या नियमशास्त्राने इतके स्पष्ट केले आहे. आपल्या देशाचा कायदाही याबाबत गप्प नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमानुसार जनावराला विष घालणे किंवा ठार मारणे हा पाच वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध आहे. परंतु शिक्षेच्या भीतीने जो हात आवरतो तो पुरता आवरलेला नसतो. आपल्या मनातील द्वेषाचे मोल एका निष्पापाकडून वसूल करू नये, हे ज्यांच्या विश्वासाच्या मध्यभागी वधस्तंभ आहे त्यांना तरी वेगळे शिकवण्याची गरज नसावी.

जे एका घरात घडते तेच शहरात मोठ्या प्रमाणावर घडते. २००७ च्या आरंभी बंगळुरूत भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात दोन बालकांचा मृत्यू झाला. लोकांचा संताप रास्त होता. त्यानंतर कुत्री धरण्याची आणि मारण्याचीही मोहीम झाली. तथापि कुत्री संपली नाहीत. २०१९ साली महापालिकेच्या पाहणीत रस्त्यांवरील कुत्र्यांची संख्या सुमारे ३ लाख १० हजार आढळली होती. २०२३ साली ती सुमारे २ लाख ७९ हजार आढळली. जी काही घट झाली ती निर्बीजीकरण आणि लसीकरण यांचे काम चिकाटीने चालले त्या काळातील आहे. रागाच्या भरात केलेले काम डोळ्यांत भरते. कंटाळवाणे, नियमित, जबाबदारीचे काम कोणाच्या लक्षात येत नाही, पण फळ बहुधा त्यालाच येते.

आता माझ्या घरातील पुढची गोष्ट सांगतो. अंगण मी साफ करीत असे असे वर म्हटले नाही, हे सावध वाचकाच्या ध्यानात आले असेल. रविवारी मी करीत असे. इतर सहा दिवस आमच्याकडे कामाला येणारी बाई करीत असे. राख टाकून, फावड्याने उचलून, पाणी ओतून ती जागा धुऊन काढी आणि मग घरातील कामाला लागे. एके दिवशी हातातले फावडे खाली ठेवून तिने मला शांतपणे विचारले, “सार, अवरिगे हेळिद्रा?” म्हणजे, तुम्ही त्यांना सांगितले का?

मला उत्तर देता आले नाही. आठ महिने सहन मी करतो असे मी समजत होतो, आणि घाण ती काढीत होती. आपल्यापैकी अनेकांच्या आजा-पणजांनी गावची मेलेली गुरे ओढली आहेत, दुसऱ्यांची घाण पिढ्यान्‌पिढ्या उचलली आहे. त्या जोखडातून माणूस म्हणून उभे करणारा प्रभू म्हणून त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्यांचेच वारस असलेल्या आपण आपली सहनशीलता दुसऱ्या कोणा गरीब बाईच्या हातांनी पार पाडावी काय? स्वतःवर झालेला अन्याय सोसण्याचा अधिकार मला आहे. दुसऱ्यावर पडणारा भार तिच्या वतीने सोसण्याचा, आणि त्याचे पुण्य आपल्या नावावर जमा करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

त्या रात्री मी लेवीयाचा एकोणिसावा अध्याय उघडला. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याची आज्ञा प्रभू येशूने तेथूनच उचलली, हे आपण सर्व जाणतो. पण ती आज्ञा अठराव्या वचनात आहे, आणि तिच्या लगेच आधी, सतराव्या वचनात, काय आहे याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. तेथे सांगितले आहे की भावाचा द्वेष मनात बाळगू नये. त्याऐवजी शेजाऱ्याला त्याचा दोष उघडपणे दाखवावा, नाहीतर त्याच्या पापाचा वाटा आपल्याकडे येतो. मग सूड आणि मनातील दंश यांना मनाई, आणि मग प्रीतीची आज्ञा. हा क्रम सहज पडलेला नसावा. आधी बोला, मग सूड टाका, मग प्रीती करा. जो पहिली पायरीच चढत नाही तो तिसऱ्या पायरीवर उभा असल्याचा आव आणतो तेव्हा तो अधांतरी लोंबकळत असतो. माझे तसेच झाले होते.

मोशेच्या नियमांत मोकाट जनावरांविषयी पुष्कळ विचार आहे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात, कोणी आपले जनावर मोकळे सोडले आणि ते दुसऱ्याच्या शेतात चरले तर मालकाने आपल्या शेतातील उत्तम पिकातून भरपाई द्यावी असा नियम आहे. ‘जनावराला काय कळते’ ही सबब तेथे चालत नाही. जनावराला कळत नाही म्हणूनच माणसाने कळून घ्यायचे आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने प्रथमच कोणाला मारले तर मालक निर्दोष धरला जातो. परंतु बैल मारका आहे हे मालकाला पूर्वी सांगितलेले असून त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर त्याचा अपराध फार मोठा होतो. वाचकहो, या नियमात एक न दिसणारा माणूस उभा आहे: मालकाला जाऊन सांगणारा शेजारी. तो शेजारी गप्प बसला तर सगळा नियमच पांगळा होतो. आणि अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीतील माणसाने विष्ठा मातीने झाकावी म्हणून हत्यारांबरोबर खणायचे अवजारही बाळगावे असे सांगितले आहे, कारण परमेश्वर छावणीतून फिरतो. घाणीचा आणि पावित्र्याचा प्रश्न शास्त्राने कधी क्षुल्लक मानलेला नाही.

आश्चर्य असे की पुढे मनुष्याच्या न्यायालयांनीही जवळपास हाच मार्ग धरला. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या प्रसिद्ध इंग्लिश खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी १८६६ साली असे तत्त्व मांडले की निसटल्यास उपद्रव होईल अशी वस्तू जो आपल्या जागेत आणून ठेवतो, त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावी. १८६८ साली वरिष्ठ सभागृहाने ते उचलून धरले. खटला होता पाण्याच्या साठ्याचा; परंतु न्यायमूर्तींनी दिलेल्या उदाहरणांत शेजाऱ्याची गुरे पीक खाऊन जातात तो माणूस आहे, आणि शेजाऱ्याच्या शौचकूपाची घाण ज्याच्या तळघरात शिरते तोही आहे. न्यूयॉर्क शहरात १ ऑगस्ट १९७८ पासून कुत्र्याची विष्ठा मालकानेच उचलावी असा कायदा अमलात आला. प्रथम त्याची थट्टा झाली. आज कित्येक देशांत ती सामान्य सभ्यता समजली जाते. मुंबईच्या २००६ च्या स्वच्छतेच्या उपविधींतही हे कर्तव्य मालकावर टाकलेले आहे. २०२३ च्या केंद्रीय प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकाचीच धरली आहे. पाळीव कुत्रे मोकळे सोडले म्हणून ते भटके होत नाही आणि मालकाची जबाबदारी संपत नाही.

हा केवळ नाकाचा आणि डोळ्यांचा प्रश्न नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमीची अंडी मातीत पडतात. ती पडल्याबरोबर बाधक नसतात. तशी होण्यास त्यांना साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, आणि पुढे ती मातीत महिनोन्‌महिने टिकतात. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना त्यांचा धोका अधिक असतो. दुसऱ्या एका कृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतात. म्हणून घाण ताबडतोब उचलणे याला अर्थ आहे. चार दिवसांनी वाळल्यावर झाडून टाकणे म्हणजे अंडी अंगणभर पसरवणे होय.

आता एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले आहे. करिंथकरांना लिहिताना पौलाने, भावाभावांनी न्यायालयात जाण्यापेक्षा अन्याय का सोसू नये, असे विचारले आहे. मग शेजाऱ्याच्या दारी जाऊन तक्रार करणे हे ख्रिस्ती वर्तन कसे? याचे उत्तर मला असे दिसते. दुसरा गाल पुढे करायला तोंड समोर असावे लागते. मारणाऱ्याच्या डोळ्यांत पाहणारा मनुष्यच गाल पुढे करू शकतो. मी तर शेजाऱ्याकडे पाठ फिरवली होती आणि पाठीमागे त्याची निंदा करीत होतो. क्षमा करायलाही अपराध नावाने उच्चारावा लागतो. ज्याला आपण अपराध सांगितलाच नाही त्याला क्षमा केल्याचे म्हणणे हा आपल्याच मनाशी केलेला खोटेपणा आहे. पौलाचा रोख न्यायालयाकडे धावणाऱ्यांवर आहे, दाराशी जाऊन बोलणाऱ्यांवर नाही. आणि स्वतः प्रभूनेच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पहिली पायरी घालून दिली आहे: आधी एकट्याने जा आणि एकांतात बोला, ऐकले नाही तर एक-दोघांना घेऊन जा, त्यानंतर मंडळीला सांगा. ती शिकवण मंडळीतील भावांविषयी आहे हे खरे, पण भिंतीपलीकडच्या माणसाला तिच्याहून कमी आदर द्यावा असा तिचा अर्थ कोणी काढू नये. मी पहिली पायरी सोडून थेट तिसरी चढलो होतो. उपासनेनंतर मंडळीला सांगून मोकळा झालो होतो!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच गेलो. रहिवासी संघाच्या कोणाला बरोबर घेतले नाही, मोबाइलमध्ये काढलेली छायाचित्रे दाखवली नाहीत. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये आणि त्यांना समजणाऱ्या हिंदीत मी अडचण सांगितली. पहिल्या भेटीत शेजारी म्हणाले, ती रस्त्यावरची कुत्री असतील, आमची नव्हेत. मला राग आला, पण मी वाद न घालता परत आलो. चार दिवसांनी पुन्हा गेलो आणि म्हणालो, एखाद्या पहाटे चहाला माझ्याकडे या. ते तिसऱ्या दिवशी आले. आम्ही अंगणात चहा घेत असतानाच त्यांची कुत्री आली. काही बोलण्याची गरज उरली नाही. त्यांनी मान खाली घातली आणि फावडे मागितले.

गोष्ट येथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. फावडे धुऊन ठेवल्यावर ते म्हणाले, “सार, मलाही एक सांगायचे होते.” दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमच्या घरी प्रार्थनासभा भरते. येणाऱ्यांच्या स्कुटरी त्यांच्या फाटकाला लागून उभ्या राहतात. त्यांच्या वृद्ध आईला एकदा रात्री दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा गाडी बाहेर काढायला पाऊण तास लागला होता. कारण आत आम्ही डोळे मिटून गात होतो आणि त्यांनी वाजवलेली घंटा कोणाला ऐकू आली नाही. सहा वर्षे ते हे मनात ठेवून होते. आपली पूजा चालू असताना कोणी अडवू नये, तशी यांची प्रार्थना चालू असताना आपण कसे अडवावे, असे त्यांना वाटले होते.

वाचकहो, माझे आठ महिने आणि त्यांची सहा वर्षे! भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसे आपापली सहनशीलता मोजत बसली होती, आणि दुसऱ्याचे ओझे दोघांनाही ठाऊक नव्हते. अर्पण वेदीपाशी आणले असता आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. मला आठवले नाही, कारण मला ठाऊकच नव्हते; आणि ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते. सहा वर्षे माझी प्रार्थनाच माझ्या शेजाऱ्याच्या वाटेत आडवी उभी होती.

आता त्यांचा मुलगा पहाटे कुत्र्यांना पट्टा बांधून फिरवायला नेतो आणि हातात जुने वर्तमानपत्र घेऊन जातो. आमच्या सभेच्या स्कुटरी पलीकडच्या मोकळ्या जागेजवळ लागतात. सर्व काही आदर्श झाले आहे असे नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलगा उठत नाही आणि कुत्री पुन्हा मोकळी सुटतात. पण आता मी फाटकाशी उभा राहून हाक मारतो, कोणी तरी बाहेर येते आणि फावडे त्यांच्याच घरातून येते.

जे अशाच अडचणीत आहेत त्यांना अनुभवाने एवढेच सांगावेसे वाटते. राग ताजा असेल त्या दिवशी जाऊ नका, पण महिना लोटू देऊ नका. कुत्र्याला शिव्या देऊन बोलणे सुरू करू नका; कित्येक घरांत ते कुत्रे हेच एकाकी माणसाचे सोबती असते. आपल्याकडून काय करता येईल तेही सांगा. फाटकाच्या गजांना जाळी लावणे हे आपले काम आहे, मी ते नंतर केले. दोन-तीनदा बोलूनही उपयोग झाला नाही, तर एक-दोन समंजस रहिवाशांना घेऊन जा, आणि शेवटी महापालिकेकडे तक्रार करण्यात पाप मानू नका. भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम, आपल्या जनावरापासून माणसाला असलेल्या धोक्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकासाठी आहे. कुत्रे चावले असेल तर मात्र पायऱ्या मोजत बसू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य क्वचितच वाचतो.

आणि आपल्यापैकी जे स्वतः कुत्री पाळतात त्यांना एक विनंती. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. ती काळजी त्याच्या पोटापाशी संपत नाही. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? पण ती भाकरी आणि ते तूप नामदेवांचे स्वतःचे होते. आपल्या भूतदयेचा खर्च शेजाऱ्याच्या अंगणावर टाकला, तर ती दया उरत नाही. ती उधारी होते, आणि फेडतो दुसराच.

‘स्वल्प अडजस्ट माडी’ हे वाक्य मला अजूनही आवडते. मात्र बसमध्ये ते म्हणणारा माणूस समोर उभा राहून, आपल्याकडे पाहून म्हणतो, आणि आपण सरकलो की तोही अंग चोरून बसतो, हे आता माझ्या लक्षात येते. ते तोंडाने बोलायचे वाक्य आहे. मी आठ महिने ते मनातल्या मनात म्हणत होतो.

आपल्या घराच्या भिंतीपलीकडे कोण राहते? त्याच्याविषयी आपण किती जणांशी बोललो आहोत, आणि त्याच्याशी कितीदा? पुढच्या रविवारी वेदीकडे जाण्यापूर्वी एकदा त्याच्या फाटकापर्यंत जाऊन यावे. आपले सांगणे सांगावे. आणि परत फिरण्यापूर्वी, आपल्याकडून त्याला काही त्रास होतो काय, हेही विचारावे.